दोन बोटं आणि "आठे"

मंडळी, आज दुपारी नात झोक्यावरून पडली. डोक्याला टाके पडलेत, आता झोपलीय. मी मात्र सारखी तिचा श्वास बघतेय.

नव्वदच्या सुमारास तिची आईही अशीच डोक्यावर पडली होती. शिंदखेड्याहून धुळ्याला नेलं. परगावच्या डॉक्टरांनी दोन बोटं दाखवून विचारलं, "किती?"

लेक रडत म्हणाली, "आठे! आठे!"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, पोरीला दोनाची आठ दिसताहेत!

सोबत आलेल्या सासूबाई माझ्यावर ओरडल्या, "अवं, ती आठे दुखस म्हनी ऱ्हायनी!"

आठे म्हणजे इथे; इथे दुखतंय, म्हणत होती पोर. जन्मभर अहिराणी बोलणारी मी, पण मलाही आठच ऐकू आलं.

तुमचंही होतं का हो असं? लेकरू कुठे दुखतंय ते सांगत असतं आणि आपल्याला आपली भीतीच ऐकू येते.