गेमच्या डब्यातून बाईंचा आवाज

कविता शिकवताना आमच्या बाई टेबलावर पट्टीने हळूच ठेका धरायच्या. ती टक-टक अजून कानात आहे.

मित्रांनो, अंबरनाथच्या शाळेतली बाईंच्या आवाजातल्या कवितांची कॅसेट तुटण्याआधी मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. आज तो टीव्हीला जोडलेल्या मुलाच्या जुन्या गेमच्या डब्याला लावला. त्यात कुणा हौशी माणसाने घरी बसून बनवलेला, गाणी वाजवणारा प्लेअर आहे. पण पडद्यावर एकच, 'ड्राइव्ह सापडला नाही.'

सून म्हणाली, "बाबा, याला हा फॉरमॅट वाचता येत नाही. ड्राइव्ह पुसून नव्याने फॉरमॅट करावा लागेल."

"पुसायचा? अगं, बाई गेल्या, कॅसेट गेली. एवढंच उरलंय!"

"आधी लॅपटॉपवर कॉपी करते ना! किती घाबरता!"

तिने पुसलं, परत भरलं, आणि बाई कविता म्हणू लागल्या. अंगावर काटा आला. नखाएवढ्या वस्तूत अख्खा वर्ग मावतो कसा, सांगा बरं?

शाळेच्या ग्रुपवर कळवून हे लिहायला बसलो, तर बेल वाजली. दारात साठीच्या एक अनोळखी ताई, धापा टाकत.

"मी बाईंची धाकटी मुलगी, इथे जवळच शिरगावला असते. तुमच्या ग्रुपमधल्या एकांनी फोन करून पत्ता दिला. दादा, आईचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही हो."