सगळंच तातडीचं

आमच्या सरांनी आयुष्यभर सरकारी खात्यात फायली हलवल्या आणि निवृत्त झाल्यावर मेव्हण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत येऊन बसले. कंपनी म्हणजे जबलपुरातल्या गोरखपूर भागाच्या बाजारात, मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या आणि आम्ही पाच-सहा माणसं. संगणकातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. निर्णय मात्र सगळे तेच घेतात. मी तिथे प्रोग्राम लिहिते. अजूनही लिहिते, कारण जबलपूर सोडून जाणं मला जमलं नाही आणि इथे माझ्यासाठी दुसरं दार उघडं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चिडले की कुणी विचारायला नको, मग नोकरी का नाही सोडली.

आमच्या घरामागे एक काका राहतात. आमच्यासारखेच, घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी. शेतकी शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, पण सुट्टी लागली की ते डोंगराकडच्या गावांतून हिंडत आणि जुनं बियाणं मुठीमुठीनं गोळा करून आणत. कोदो-कुटकीसारखी बारीक भरडधान्यं, कुणी पेरेनासे झालेले भात. हे सगळं पनागरच्या रस्त्यावरच्या एका बियाणे संस्थेत, थंड खोलीत ठेवलेलं होतं. त्यातली एक कुटकी त्यांना एका म्हातारीनं दिली होती. तिच्या मुलांनी ती पेरणं सोडलं होतं, म्हणून मडक्यात उरलेली सगळी तिनं काकांच्या पिशवीत ओतली. अट एकच घातली, मी मागेन तेव्हा परत द्यायची. ही कुटकी आता जगात दुसरीकडे कुठेही नाही असं काका सांगत, आणि मुलगी नांदायला पाठवलेल्या बापासारखे मधूनमधून पनागरला जाऊन बाहेरूनच खोलीकडे बघून येत. दार उगाच उघडायचं नाही, बाहेरची ओल आत शिरते, हा नियमही त्यांचाच.

त्या खोलीवर नजर ठेवायला संस्थेला एक प्रोग्राम हवा होता. काकांनी माझं नाव सुचवलं. "घरची पोरगी आहे, नीट करून देईल," असं ते तिथल्या मॅनेजरला म्हणाले होते.

प्रोग्रामला तोंड नसतं. त्याला काही सांगायचं झालं की तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदवहीत, एक ओळ टाकतो. कोण बोलतंय, कधी, काय झालं, आणि ते किती गंभीर आहे. गंभीरपणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात खाली नुसती बडबड, मग माहिती, मग इशारा, मग चूक, असं चढत चढत सगळ्यात वर आणीबाणी. खालच्या ओळी लॉगमध्ये पडून राहतात, कुणी शोधेल तेव्हा सापडतात. वरच्या पायरीवर ओळ आली की मॅनेजरच्या मोबाइलवर घंटा वाजेल अशी मी सोय केली होती. 'तापमान चार अंश, ठीक' ही माहिती. 'दार उघडं राहिलं' हा इशारा. 'थंडावा बंद पडला' ही आणीबाणी. अक्कल लागते ती एवढ्यातच. कुठल्या गोष्टीला ओरडायचं आणि कुठल्या गोष्टीला गप्प बसायचं, हे आधी ठरवावं लागतं.

सरांनी हे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ऐसा लिखोगी तो कौन पढ़ेगा? फाइल पर तत्काल न लिखो तो फाइल हिलती है कभी?"

"सर, ये फाइल नहीं है."

"सब फाइल ही होता है, बेटा. और क्लाइंट का फ़ोन बजना चाहिए. उसको पता तो चले कि हम काम कर रहे हैं."

म्हणजे प्रत्येक ओळीला आणीबाणी लावायची. प्रोग्राम सुरू झाला, आणीबाणी. तापमान चार अंश, सगळं ठीक, आणीबाणी. मी वाद घातला. शेवटी लहान मुलाला सांगावी तशी त्यांना लांडगा आला रे आला ही गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "उसमें भी लड़के ने ख़बर तो दी थी न? गलती गाँववालों की थी." गाढवापुढे वाचली गीता. ओळी बदलून दिल्याशिवाय काम पुढे जाणार नव्हतं, बदलून दिल्या.

संस्थेत दाखवायला गेलो तेव्हा मॅनेजरचा फोन सारखा वाजला. मॅनेजर खूश, सर त्याहून खूश. पेढे आले. नंतर त्या मॅनेजरनं काय केलं ते कुणीही ओळखेल. जेवताना घंटा, पूजेत घंटा, आणि उघडून बघावं तर चार अंश, सगळं ठीक. त्यानं तो आवाज कायमचा बंद करून टाकला. मला त्या माणसाचा राग येत नाही. मीही बंद केला असता.

पावसाळ्यात त्या खोलीचा कॉम्प्रेसर गेला. पंखा मात्र चालू राहिला, त्यामुळे बाहेरून घरघर ऐकू येत होती आणि रखवालदाराला वाटलं सगळं ठीक आहे. पंखा बाहेरची दमट हवा आत ओढून बियाण्याच्या कागदी पाकिटांवर सोडत राहिला. आणि माझा प्रोग्राम लॉगमध्ये रोज लिहीत राहिला, थंडावा बंद आहे, ओल वाढली आहे. त्या ओळी जिथे जायच्या तिथे पोहोचल्या आणि तिथेच पडून राहिल्या. हिवाळा गेला, उन्हाळाही सरत आला. पेरणीआधी दार उघडायचं कारणच कुणाला नव्हतं.

मग जेठ महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, म्हातारीचा फोन आला. आता धाकट्या सुनेला कुटकी पेरायची होती. काका दिवसभर हसत होते. मला म्हणाले, "बघ, मागून राहिली ना शेवटी! मी म्हटलंच होतं, मागेल."

दार उघडल्यावर बुरशीचा वास आला. तरी त्यांनी आशा सोडली नाही. पाकिटं घरी आणली, ओल्या फडक्यात दाणे पसरले आणि ताटल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. काकूंना स्वयंपाकाला जागा उरली नाही, त्यांनी शेगडी खाली जमिनीवर घेतली. मी ऑफिसातून येताना रोज डोकावायची. काका भिंग घेऊन वाकलेले असायचे.

"काहून बरं उगवून नाही राहिलं?" ते विचारत. मला नाही, त्या दाण्यांना.

आठवडा गेला. भातातले काही दाणे फुटले, कोदोचेही थोडे. कुटकीचा एकही नाही. त्यांनी पाकीट रिकामं होईपर्यंत पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

संस्थेत बैठक बसली. सरांनी मला लॉगची पानं छापून आणायला सांगितलं होतं, आमच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून. त्यांनी ती टेबलावर पसरली. "देखिए, रोज़ ख़बर दी गई है. और तत्काल मार्क करके दी गई है." मॅनेजरनं पानं चाळली आणि मान्य केलं की खबर आली होती. मग त्यानं आपल्या फोनवर रोज किती खबरा येतात ते सांगितलं आणि सरांनीही ते मान्य केलं. सामोसे आले. कुणाचीच चूक नाही यावर दोघांचं इतकं गोड एकमत झालं की मला ते सामोशाचं ताट दोघांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं, तर सर माझ्याकडे वळून म्हणाले, "इसके ऊपर एक और लेवल बना दो. महातत्काल."

मी म्हटलं, सगळ्यात वरच्या पायरीच्या वर पायरी नसते. ते म्हणाले, बनवली की असते.

काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. टेबलावरचं एक पान त्यांनी उचललं, चष्मा वर करून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि परत जागेवर ठेवलं.

परत येताना ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. घरापाशी उतरल्यावर म्हणाले, "बेटा, ती बाई फोनची वाट पाहून राहिली असेल. माझ्याच्यानं होत नाही. तू सांगून दे."

मी त्यांच्याच ओसरीवर बसून फोन लावला. सुनेनं उचलला आणि म्हातारीकडे दिला. मी सांगितलं, यंत्र बिघडलं, ओल लागली, बियाणं गेलं. यंत्राचं तिनं सगळं नीट विचारून घेतलं, की ते रोज सांगत होतं का, कुणाला सांगत होतं. मी म्हटलं, हो अम्मा, रोज बताता था.

"तो भीतर झाँक के किसी ने नहीं देखा, बेटी?"

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "नहीं, अम्मा. किसी ने नहीं."