बाबांच्या खोलीचं तापमान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. त्या दुपारी बाबांच्या खोलीतला एसी बाबांनी बंद केला नव्हता. मी केला होता, ऑफिसात बसून, फोनवरून.

घर किती तापेल याचा अंदाज बांधणं हे माझं काम. स्मार्ट थर्मोस्टॅट खोलीचं तापमान नोंदवत राहतो; त्या नोंदींवरून पुढच्या तासाचं तापमान आधीच सांगायचं. माझा अंदाज सारखा चुकत होता, कारण एसी बंद असतानाच्या नोंदीच नव्हत्या. मे महिन्यात नागपुरात एसी बंद कोण ठेवतं? मग बाबांची खोली आठवली. वर गच्ची, पश्चिमेची भिंत.

ते जेवून झोपले असतील अशा बेताने एसी बंद केला. मध्येच सुरू होऊ नये म्हणून रिमोटही लॉक केला. आकडा चढू लागला. चौतीस. छत्तीस. पुरे आता, असं वाटत होतं. पण फोनवरच्या आलेखाची रेघ माझ्या अंदाजाला अशी चिकटून चालली होती की थोडं अजून, थोडं अजून करत राहिलो. एकोणचाळीस. बाबांना फोन लावला. उचलला नाही. घाईत फोनवरून एसी सुरू करायचंही सुचलं नाही; गाडी काढली.

बाबा पलंगावर बसले होते. बनियन ओलं, ओठ कोरडे, हातात रिमोट.

"मघापासून बटन दाबून राहिलो गा. सुरूच नाही होऊन राहिला. मीच बंद केला असन का झोपीत?"

पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि फोनवर लॉक काढला. परत येऊन त्यांच्या हातातला रिमोट घेतला, बटण दाबलं. एसी सुरू झाला.

"चालते ना, बाबा."

ते रिमोटकडे बघत राहिले. मग हसले. "घ्या! गेला तुहा बाप कामातून."

मीही हसलो.

आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. त्याच आठवड्यात त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्यासमोर आणून ठेवली. कामठीला मित्राकडे जाणं सुटलं. गॅस बंद केला का, हे स्वतः बंद करूनही विचारतात. बायको म्हणते, डॉक्टरांना दाखवू. मी म्हणतो, वय झालं.

परवा निघताना हाक आली, "एसी लावू का गा? का तूच देतं लावून?"

मी लावून दिला.

बटण तुम्ही बरोबरच दाबत होता, बाबा. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.