हमीद सरांनी मला पाळायला दिलेला शब्द

हमीद सर गेल्याची बातमी मला बँकेच्या काउंटरवर कळली. समोर एक आजोबा मुदत ठेवीची पावती धरून उभे होते, "बाई, इंटरेस्ट किती पडला बघा की," म्हणत होते, आणि फोनवर शाळेच्या ग्रुपमध्ये ओळ आली... आपले इंग्रजीचे हमीद सर आज सकाळी जालन्यात वारले. मी आजोबांना आकडा सांगितला, पावती परत दिली आणि आत जाऊन रडले. त्याला आता दीड महिना झाला. रडू ओसरलं, राग ओसरत नाही. त्या रागातला थोडा माझा माझ्यावरच आहे, म्हणून लिहायला बसले.

आष्टीच्या शाळेत सर आम्हाला आठवीपासून इंग्रजी शिकवायचे. घरी उर्दू, वर्गात इंग्रजी आणि रागावले की अस्सल आमची मराठी. त्यांची एक अजब रीत होती. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक इंग्रजी शब्द पाळायला द्यायचे. शेळी पाळतात तसा. "बेटा, त्याला घरात बांधून ठेवू नको. बाजारात फिरव. कोण त्याला काय चारतं, ते लिहून आण," असं सांगून शंभर पानी वही हातात ठेवायचे, स्वतःच्या पैशानं आणलेली. रविवारी सकाळी आमच्या पिठाच्या गिरणीसमोरच्या लिंबाखाली सगळे आपापले शब्द घेऊन जमायचो. शब्द पुरता कळला असं सरांना वाटलं की ते शेवटच्या पानावर लाल शाईनं लिहायचे, 'दावं सोडलं.' खाली सही. त्या सहीसाठी पोरं जीव टाकायची.

दहावीत माझ्या वाट्याला 'इंटरेस्ट' आला. मला वाटलं, सोपा आहे, आठवड्यात सही मिळेल. कसलं काय! बँकेतल्या साहेबांनी व्याज सांगितलं. कापसाच्या व्यापाऱ्यानं छाती पुढं काढून सांगितलं, "त्या जिनिंगमधी आपला इंटरेस्ट हाय," म्हणजे त्याची भागी होती. वकिलानं जनहित याचिकेतलं हित दिलं. आत्याचा अर्थ तिच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांवरून आला, "पोराकडच्यांना इंटरेस्ट दिसंना. नुसते पोहे खाऊन गेले." मी सगळं लिहून नेलं. सर आत्याच्या पोह्यांवर पोट धरून हसले आणि म्हणाले, "अजून एक राह्यलाय. सगळ्यात पहिला. लहान लेकरू मुंग्यांची रांग बघत बसतं, त्याला काय मिळतं? तो आण." मी मुंग्या बघणारं लेकरू शोधत फिरले. तो अर्थ दर रविवारी लिंबाखाली माझ्यासमोरच बसलेला असायचा, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या तेव्हाच्या सचिवांच्या मेव्हण्यानं त्याच वर्षी गावात शिकवणी सुरू केली होती. फी भरून तिकडं कोण जाणार? सरांचा लिंब फुकट होता. मग एक दिवस सचिव शाळेत आले. लिंबाखाली जमणाऱ्यांपैकी आम्हा चौघांना ऑफिसात बोलावलं. सर तिथंच उभे होते. सचिवांनी त्यांना विचारलं, "रविवारची सुट्टी सोडून तुम्ही तिथं काय करून राह्यलात? तुमचा यात काय इंटरेस्ट?" सर साधेपणानं म्हणाले, "मला मजा येते, साहेब." सचिव हसले, हेडमास्तर हसले, शिपाईसुद्धा हसला. काहीतरी सुटत असल्याशिवाय माणूस रविवारी उन्हात बसत नाही, याची त्या खोलीतल्या प्रत्येकाला खात्री होती. सरांना बाहेर पाठवलं आणि आमच्यापुढं कागद आला... 'सर शाळेबाहेर वर्ग घेतात.' खरं होतं. मी सही केली. चौघांतली पहिली सही माझी.

घरी आल्यावर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गिरणीचा पट्टा उतरवता उतरवता विचारलं, "फी घेत न्हाईत, हे लिव्हलं का त्याच्यात?"

"त्यांनी विचारलंच न्हाई."

"मंग तू सांगायचं की! तोंड कशाला दिलंय देवानं?"

त्या कागदावरून सर खाजगी शिकवण्या घेतात असं ठरलं. त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्याच एका शाळेत टाकलं आणि लिंबाखालचा वर्ग बंद झाला. जाताना ते वह्या तपासायला घेऊन गेले. पुढं मी बँकेत लागले, पेढे घेऊन जालन्यात मस्तगडला त्यांच्या घरी गेले, तेव्हाही त्यांनी त्या कागदाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. "सर, तुम्हाला एवढं करून काय मिळालं?" असं मात्र विचारून बसले. म्हणजे सचिवांचाच प्रश्न, फक्त पेढ्यासोबत.

शोकसभेला गेले होते. ते सचिव आता अध्यक्ष आहेत. सरांच्या फोटोला हार घालून, रुमाल डोळ्यांना लावून म्हणाले, "हमीद सरांना मुलांमध्ये विलक्षण इंटरेस्ट होता." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! ज्या माणसाची मजा तुम्ही गुन्हा ठरवलीत, तो मेल्यावर तीच त्याचा गुण म्हणून मिरवता? काही लाजशरम? हे सगळं मी मनात म्हटलं. मागच्या खुर्चीवर बसून, हातात चहाचा कागदी कप धरून. दुसऱ्यांदा, सांगायच्या वेळी, गप्प बसले.

गेल्या रविवारी मस्तगडला गेले. सरांची मुलगी रुखसाना आपा हिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत वह्याच वह्या. "अब्बा कोणाला हात लावू द्यायचे न्हाईत. पोरं न्यायला येतील म्हणायचे," ती म्हणाली. माझी वही वरच होती. आत्याच्या पोह्यांसमोर लाल शाईत 'बहोत खूब' होतं. शेवटचं पान कोरं होतं.

मी आपाकडून पेन घेतलं आणि त्या पानावर लिहिलं, 'हमीद सर शाळेबाहेर वर्ग घेत. कोणाकडून एक पैसाही घेत नसत. त्यांना मजा येई.' खाली पूर्ण नाव, सही. त्याचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. अध्यक्षही आहेत त्या ग्रुपवर. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून आलेलं नाही.

आपानं पान वाचलं, डोळे पुसले आणि अब्बांचं लाल पेन शोधून आणलं. "आता दावं सोडलं, असं लिहू का मी?"

"नको, आपा," मी म्हटलं. "राहू दे बांधलेला. मी अजून त्याला नीट पाळलेलाच न्हाई."