मारका आणि गरीब

मांसासाठी रेडे वाढवणाऱ्या एका फार्मवर मी जनावरांची डॉक्टर आहे. पैदाशीसाठी शांत रेडे ठेवायचे, बाकीचे कत्तलखान्याकडे जातात. म्हणून एकेकाला खोड्यात, म्हणजे जनावर अडकवून ठेवायच्या चौकटीत, घेऊन त्याचा स्वभाव बघायचा, हे माझं काम. आज सकाळी जनावरं सांभाळणाऱ्या आमच्या दत्तूभाऊंनी एक रेडा आत घेतला, लोखंडी फाटक धाडकन आपटलं आणि वर त्याच्या पाठीत काठी घातली. रेडा असा उसळला की खोडा हलला.

"मारका आहे, मॅडम. बाद करा."

"अहो, फाटक हळू लावा ना! कितीदा सांगायचं?"

"हळू लावलं म्हणून हा गाय होणार आहे का?"

मी नुसती चरफडले. इथे रेड्याचा स्वभाव दिसत होता, की आमचा?

दुसरा रेडा आला. फाटक तसंच आपटलं, पण तो जागचा हलला नाही.

"हा बघा किती गरीब!" दत्तूभाऊ खूश झाले.

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. अंग थरथरत होतं. घाबरून उसळला तो मारका, घाबरून गोठला तो गरीब. आम्हाला त्रास झाला का, एवढंच आम्ही बघतो.

"दोघांनाही ठेवा," मी म्हणाले. "उद्या फाटक न आपटता परत बघू."

दत्तूभाऊंनी कपाळाला हात लावला आणि तिसऱ्याला आणायला ते ओरडतच निघाले.