तळ्यापलीकडचा चेंडू

खारघरच्या डोंगराखालच्या गोल्फ मैदानावर मी कैक वर्षं कॅडी होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे चालत होतो. मग एकदा संधी आली. ठरलेल्या फटक्यांत फेरी पूर्ण केली तर शिकवणाऱ्यांच्या हाताखाली नोकरी. वयाच्या अटीमुळे परीक्षेला पुन्हा बसता येणार नव्हतं. परीक्षेआधीच्या महिन्यात माझ्या जिवाला थारा नव्हता.

अडचण एकच, शेवटच्या होलआधीचं, म्हणजे चेंडू घालायच्या शेवटच्या भोकाआधीचं तळं. माझा चेंडू हमखास त्यात जायचा. प्रशिक्षक म्हणाले, मैदानावरचा सराव झाला की घरी डोळे मिटून बस आणि तोच फटका मनात मार. मला एका जागी बसवणं म्हणजे शिक्षाच. तरी दिवाळे गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसायचो, आणि मनातसुद्धा चेंडू पाण्यातच. आम्ही कोळी. कुठेही गेलो तरी आधी पाण्याकडे बघायचं, भरती की ओहोटी, ही खोड हाडीमासी मुरलेली. नजर तिकडे, चेंडू तिकडे.

बाबा शेजारी जाळं सांधत बसायचे. गोल्फमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. कसला जप करतोस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं.

"मनात पन पान्यातच?" ते म्हणाले. "तिथं कोन अडवतंय तुला? परत मार."

मग रोज संध्याकाळी हेच. मी डोळे मिटायचो, ते विचारायचे, गेला का पल्याड. नाही म्हटलं की परत. मी वैतागून उठायचो, येरझाऱ्या घालायचो, पुन्हा बसायचो. हळूहळू चेंडू पाणी ओलांडून भोकाभोवतीच्या हिरवळीवर पडायला लागला, आधी मनात, मग मैदानावरही.

परीक्षेत शेवटच्या होलला माझ्याकडे तीन फटके उरले होते. एक तळ्यावरून, दोन हिरवळीवर. पहिला इतका सहज गेला की मलाच खरं वाटेना. चेंडू भोकापासून चार पावलांवर थांबला. इथून दोन फटके पुरतात, हे मीच किती साहेबांना सांगितलं होतं. वाकलो, तर डोकं रिकामं. महिनाभर चेंडू पलीकडे पडला की मी डोळे उघडत होतो. पुढचं कधी पाहिलंच नव्हतं. हिरवळीवरचा पहिला फटका जोरात पुढे गेला, दुसरा भोकाच्या कडेवरून घसरला, तिसऱ्याला चेंडू आत. एक फटका जास्त, नोकरी हुकली.

घरी आलो तर बाबा दारातच उभे.

"गेला पान्याच्या पल्याड?"

"गेला," मी म्हणालो.

त्यांनी तिथूनच शेजारी हाक मारून सांगितलं, पोराला नोकरी लागली. मी ओट्यावर बसलो आणि डोळे मिटले.