पांढऱ्या शहराची सकाळ

गणपत मांजरेकर मूळचा कोकणातल्या आचऱ्याचा. बावीस वर्षं बहरीनमध्ये भिंती रंगवतोय, आणि सगळ्या पांढऱ्या. जनाबियाचे बंगले पांढरे, हमद टाउनची घरं पांढरी. "काय मेला तो पांढरा!" म्हणून तो कावायचा. हात कामावर, मन भलतीकडे. कोरी भिंत दिसली की त्याला तिच्यात होड्या हलताना दिसायच्या.

म्हणून उम्म अल हस्सम भागातल्या हमझानं आपल्या कॉफीच्या दुकानात चित्र काढायला सांगितलं, तेव्हा स्वारी हवेतच गेली! हमझा अल्जियर्सचा. मोडक्या हिंदीत त्यानं आपलं गाव सांगितलं. अरबी नाव अल-जझाइर, म्हणजे बेटं. पुढे भूमध्य समुद्र, मागे डोंगर, उतारावर एकमेकांच्या खांद्यावर बसलेली घरं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे. "गाव हट्टी, पण लाघवी. माझ्या आईसारखं." आई मसूदा इथं त्याच्याजवळच असायची; तिचे गुडघे गेले होते, परत जाणं आता होणार नव्हतं. "तिला ओळखू आलं तर चित्र ठेवू, नाही तर पुसून टाकू."

पुसून! गणपतचं आयुष्यातलं पहिलं चित्र होतं ते.

सुट्टीचे तीन शुक्रवार तो त्या गावातच राहिला म्हणा ना. तिथले जिने चढला, मांजरांना वाट दिली. शेवटी समुद्रात बुडणारा सूर्य काढला आणि अख्खं गाव लालेलाल करून टाकलं.

मसूदा आली, खुर्चीत बसली, बराच वेळ बघत राहिली. मग काहीतरी म्हणाली. हमझानं अवघडून सांगितलं, "हे आपलं गाव नव्हे, म्हणते. आपल्याकडे सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगरामागे मावळतो."

गणपत थक्क! कोकणातल्या माणसाला समुद्र म्हणजे पश्चिम. सूर्य बुडायचा तो पाण्यातच. दुसरं काही असू शकतं, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"खलास," हमझा म्हणाला. "पुसून टाक."

"जरा थांबा." गणपतला रडूच फुटायचं बाकी होतं. "सकाळी घरं कशी दिसतात, तेवढं विचारा आईंना."

म्हातारीनं डोळे मिटले. "पांढरी. इतकी पांढरी, की बोटीवरची माणसं डोळ्यांवर हात धरतात. लोक त्याला पांढरं अल्जियर्सच म्हणतात."

अरे देवा, पांढरं! सूर्याची लाली उतरवून गणपतनं तो सोनेरी केला आणि दिवसभर लाल घरांवर पांढऱ्याचे हात मारत राहिला. उन्हातला पांढरा वेगळा, सावलीतला निळसर, जुन्या भिंतीचा ताकासारखा. बावीस वर्षांत हे सगळं त्याच्या हाताला पाठ झालं होतं.

संध्याकाळी मसूदा पुन्हा आली. भिंतीजवळ गेली, एका गच्चीवर तिनं बोट ठेवलं, आणि ओला रंग बोटाला लागला तशी ती रडायलाच लागली.

"तू कधी गेला होतास तिथं?" तिनं हमझाकरवी विचारलं.

"मफी," गणपत येत होती तेवढ्या अरबीत म्हणाला. "नाही, मी कधीच गेलो नाही."

"खोटं बोलतोस! आमच्या गच्चीवर सकाळी उभं राहिल्याशिवाय हे कसं दिसेल?"

हमझानं समजावून पाहिलं, पण ती कसली ऐकतेय! गणपतचेही डोळे भरून आले.

"गेलो होतो, आई," तो म्हणाला.